संस्था की घर? एका गाजलेल्या पेपरची तपासणी

आमचं चौल ज्या अलिबाग तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात सोगावला एसओएस बालग्राम आहे. बालग्रामाच्या पद्धतीत एक मोठं वसतिगृह नसतं. छोटी घरं, प्रत्येक घरात एक ‘आई’ आणि भावंडांसारखी वाढणारी मुलं. मग याला संस्था म्हणायचं की घर? प्रश्न नुसता शब्दाचा वाटेल, पण अनाथ मुलांवरच्या एका गाजलेल्या पेपरचा निष्कर्ष याच शब्दावर उभा आहे.

हा पेपर ड्यूक विद्यापीठाच्या कॅथरिन व्हेटन आणि सहकाऱ्यांचा, २००९ साली ‘प्लॉस वन’मध्ये आलेला. कंबोडिया, इथिओपिया, केनिया, टांझानिया आणि भारत (हैदराबाद व नागालँड) इथली ६ ते १२ वर्षांची मुलं त्यांनी तपासली. संस्थांमधली १,३५७ आणि आई किंवा वडील अथवा नातेवाइकांकडे राहणारी १,४८०. निष्कर्ष असा की आरोग्य, वाढ, बुद्धी, भावना यांत संस्थेतली मुलं मागे नाहीत.

यावरून लगेच ‘म्हणजे बुखारेस्टचा प्रयोग चुकला’ असं म्हणू नका. त्या प्रयोगात १३६ अगदी लहान मुलं यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत वाटली होती. फॉस्टर कुटुंबात गेलेल्यांची बौद्धिक वाढ जास्त चांगली झाली, आणि जितक्या लहान वयात गेली तितका फायदा जास्त. व्हेटन यांच्या पेपरमध्ये सहा वर्षांखालचं मूलच नाही. दोन्ही अभ्यासांचे प्रश्नच वेगळे आहेत.

दुसरी अडचण निवडीची. कोणतं मूल संस्थेत गेलं आणि कोणतं आजीकडे राहिलं, हे संशोधकांनी ठरवलेलं नव्हतं. प्रवेश देताना संस्थेने कुणाला घेतलं, कुणाला नाही? हे कळल्याशिवाय फरकाचं (किंवा फरक नसण्याचं) श्रेय संस्थेला देता येत नाही.

तिसरी, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट निष्कर्षाच्या सावलीत राहते. मुलांमधल्या एकूण फरकापैकी ६४ ते ८७ टक्के फरक एकाच संस्थेतल्या किंवा एकाच वस्तीतल्या मुलांमध्ये आहे. (त्यात मोजमापातली चूकही मिसळलेली असणार, हे विसरू नका.) म्हणजे मूल कुठल्या छपराखाली आहे, एवढ्यावरून त्याचं कसं चाललंय हे फारसं कळत नाही. बालग्रामातलं घर आणि मोठं वसतिगृह एकाच रकान्यात टाकलं, तर आणखीनच कमी कळतं.

हे नुसतं पद्धतीचं भांडण नाही. वडील वारले, आई मुंबईत घरकामाला, मूल चौलला आजीकडे, असं घर डोळ्यांपुढे आणा. युनिसेफच्या व्याख्येत हे मूल अनाथ, कारण एक पालक गेला तरी ती व्याख्या लागू होते. आपल्या २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार मात्र नाही, कारण सांभाळायला तयार असलेली आई आहे. राज्याच्या बालसंगोपन योजनेत अशा मुलासाठी महिन्याला २,२५० रुपयांची तरतूद आहे. तेवढा आधार मिळणारी आजी आणि न मिळणारी आजी, पेपरच्या रकान्यात दोघी एकच.

आधार नसलेल्या घराची तुलना पैसा मिळणाऱ्या संस्थेशी केली, तर संस्था बरी दिसणारच. त्यावर धोरण आखलं, तर आजीला मदत करायच्या ऐवजी मूलच उचललं जाईल. म्हणून संशोधन प्रस्ताव लिहिताना ‘संस्था की घर’ एवढ्यावर थांबू नका. कुठल्या वयाचं मूल, सांभाळणारी माणसं किती, ती किती दिवस टिकतात, मदत पोचते का, हे चार रकाने आधी आखा.