बोलीचं वजन आणि शिरपेचाचा मान

शिरपामाळावर उभं राहून बॉक्सिंगवर काय बोलायचं, असं काहींना वाटेल. पण या जागेचाच आधार घेऊन सुरुवात करतो. १६६४ साली सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज इथं थांबले, जव्हारच्या विक्रमशहा राजांनी त्यांचं स्वागत केलं आणि शिरपेच देऊन गौरव केला, म्हणून हा शिरपामाळ, असं इथं सांगितलं जातं. आता बघा, शिरपेच बाजारातही विकत मिळाला असता. तो मान ठरला, कारण तो देणारा कोण आणि कशासाठी देतोय, हे सगळ्यांना दिसत होतं. मानाचं हे एवढं सूत्र लक्षात ठेवा, आपल्याला शेवटी त्याच्याकडेच परत यायचं आहे.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वजनगट असतात. वेल्टरवेट म्हणजे १४७ पौंडांपर्यंत, साधारण साडेसहासष्ट किलो. पण कधी कधी दोन्ही बाजू गटाची मर्यादा सोडून करारात वेगळाच आकडा घालतात. त्याला म्हणतात कॅचवेट. आपण त्याला ‘बोलीचं वजन’ म्हणू. प्रश्न असा की हे न्याय्य आहे का?

समर्थकांचं उत्तर तयार असतं: दोघं सज्ञान, दोघांनी सही केली, पैसे घेतले, मग तक्रार कसली? जुन्या रोमन कायद्यातही तत्त्व आहे, जो राजी आहे त्याच्यावर अन्याय होत नाही. युक्तिवाद हलका नाही. वेगवेगळ्या गटांतले दोन चांगले खेळाडू एरवी भेटलेच नसते, ते यामुळे भेटतात. लहान चणीचा वर येतो, मोठा थोडा खाली येतो. यात वाईट काय?

उदाहरणं घेऊ. नोव्हेंबर २००९, लास वेगास. मिगेल कोट्टोकडे वेल्टरवेटचा एक जागतिक किताब होता. मर्यादा १४७, पण मॅनी पॅकियाओशी लढत ठरली १४५ पौंडांवर, आणि किताबही पणाला लागला. पॅकियाओ बाराव्या फेरीत जिंकला. दोन पौंडांमुळे कोट्टो हरला, असं मी म्हणणार नाही. पॅकियाओ त्या रात्री सरसच होता. माझा आक्षेप निकालावर नाही. १४७ च्या गटाचा विजेता १४७ वजनानं रिंगणात येऊ शकत नव्हता, याला काय म्हणायचं?

त्याआधीचा १९८८ चा नमुना तर आणखी बोलका आहे. शुगर रे लेनर्ड आणि डॉनी लालोंड. लालोंडचा किताब लाइट हेवीवेटचा, मर्यादा १७५ पौंड. लढत ठरली १६८ वर. १६८ ही नव्यानं काढलेल्या दुसऱ्या गटाची मर्यादा, त्याचाही किताब त्याच रात्री ठेवला. लेनर्ड नवव्या फेरीत जिंकला आणि एका रात्रीत दोन गटांचा विजेता झाला. म्हणजे १७५ चा किताब मिळाला, पण १७५ वजनाच्या माणसाशी न लढता! गावच्या भाषेत, खळं एकाचं आणि रास दुसऱ्याची.

आता आपल्या मातीतली गोष्ट. जत्रेतल्या कुस्त्या तुम्ही पाहिल्या असतील. तिथं काटाही नसतो. पंच पोरांना फडात फिरवतात, जोड लावतात. जोड विजोड वाटली तर लोकच ओरडतात, ‘अहो, ते पोरगं लहान आहे!’ महाराष्ट्र केसरीचा गट तर ८६ ते १२५ किलो. समोरच्यात तीस किलोंचा फरक असू शकतो. तरी पैलवान म्हणत नाही की माझ्याशी लबाडी झाली. आणि तिकडे बॉक्सिंगमध्ये दोन पौंडांवरून वाद. असं का?

कारण प्रश्न किती किलोंचा, हा नाहीच. आकडा कोणी ठरवला आणि कोणासाठी, हा आहे. केसरीची मर्यादा ठरली तेव्हा यंदा अंतिम लढतीत कोण असेल, हे कोणाला माहीत नव्हतं. जॉन रॉल्स या तत्त्वज्ञानं १९७१ च्या ग्रंथात ‘अज्ञानाचा पडदा’ अशी कल्पना मांडली: नियम असे निवडा की आपण कोणत्या जागी असू, हे आपल्याला ठाऊक नसेल. वजनगट या कसोटीला बऱ्यापैकी उतरतात. बोलीचं वजन उतरत नाही, कारण तिथं दोघांची अंगकाठी, वय, नाव, तिकीटविक्री, सगळं पाहूनच आकडा पडतो.

विनेश फोगाटचं आठवा. २०२४, पॅरिस, ५० किलोचा गट, अंतिम लढतीच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त, आणि पदक गेलं. सगळ्यांना हळहळ वाटली, मलाही. नियम फार कठोर आहे, बदलला पाहिजे, असं म्हणता येईल. पण ५० चा आकडा तिच्या प्रतिस्पर्ध्यानं ठरवला, असं कोणी म्हणू शकत नाही. कठोर नियम वेगळा आणि वाकवलेला नियम वेगळा.

संमतीबद्दलही एक बोलतो. एप्रिल २०२३ मध्ये जर्व्हाँटा डेव्हिस आणि रायन गार्सिया १३६ पौंडांवर लढले. करारात आणखी कलम होतं: लढतीच्या दिवशी सकाळीही १० पौंडांहून जास्त वाढायचं नाही. वजन आदल्या दिवशी होतं. शेवटचे पौंड चरबीचे नसतात, अंगातल्या पाण्याचे असतात. ते पाणी भरून काढण्यावरही बंधन आलं की बोली आकड्यावरून शरीरावर येते. गार्सियानं सही केली, खरं. पण ज्याच्या नावावर मोठा पैसा येतो त्याच्यापुढे ‘नाही’ म्हणण्याची किंमत किती? होकार तेव्हाच मोकळा, जेव्हा नकार परवडतो.

मग बंदी घालायची का? नाही. वरच्या लढतीत कोणताही जागतिक किताब नव्हता, म्हणून तिथं मी डॉक्टरांच्या देखरेखीची मागणी करीन आणि बाकी त्या दोघांवर सोडीन. पैसा त्यांचा, झुंज त्यांची. पण किताब त्यांचा नाही. त्या गटात नियमानं वजन राखून रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाचा त्यावर हक्क आहे, आणि करार करताना तो माणूस टेबलापाशी नव्हता. त्याची संमती कोणी घेतली? कॅचवेट हवं तर खुशाल खेळा, पट्टा घरी ठेवून या. पट्टा हवा, तर पट्ट्याच्या वजनावर या.

विक्रमशहांचा शिरपेच आजही आठवतो, कारण तो घासाघीस करून मिळाला नव्हता. पट्ट्याचा आकडा घासाघिशीत ठरू लागला, की कमरेला पट्टा राहील, त्याचा मान राहणार नाही.