फ्रीडमन, मार्टी

(८ डिसेंबर १९६२ – ). अमेरिकन गिटारवादक व संगीतरचनाकार. हेवी मेटल या रॉक संगीताच्या शाखेतील अतिद्रुत वादनासाठी प्रथम प्रसिद्धीस आला व पुढे सुरावटप्रधान वाद्यसंगीताकडे वळला. जन्म वॉशिंग्टन डी. सी. येथे. २००३ पासून त्याचे वास्तव्य जपानमध्ये आहे. त्याच्या या वळणाचे वर्णन पुष्कळदा ‘मेटल वादक वयोमानाने सौम्य झाला’ अशा शब्दांत केले जाते. त्याच्या ध्वनिमुद्रिका क्रमाने ऐकल्यास हे वर्णन अपुरे ठरते. कारण गेयतेचे बीज त्याच्या सर्वांत वेगवान वादनातच आढळते आणि त्याच्या गेय वादनाला लागणारी साधनसामग्री मेटल संगीतानेच पुरविलेली आहे.

तरुणपणी काही काळ हवाई बेटांवर राहत असताना त्याने ‘हवाई’ याच नावाचा मेटल वाद्यवृंद चालविला. त्यानंतर जेसन बेकर या गिटारवादकासह त्याने ‘कॅकोफनी’ हा वृंद स्थापन केला. त्यांची स्पीड मेटल सिंफनी (१९८७) ही ध्वनिमुद्रिका दोन गिटारींच्या समांतर, काटेकोर व अत्यंत जलद स्वरपंक्तींमुळे गाजली. ड्रॅगन्स किस (१९८८) ही फ्रीडमनची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका. १९९० मध्ये तो ‘मेगाडेथ’ या अमेरिकन वृंदात सामील झाला आणि रस्ट इन पीस (१९९०) ते रिस्क (१९९९) या पाच प्रमुख ध्वनिमुद्रिकांत प्रमुख गिटारवादक म्हणून वाजविले. २००० च्या आरंभी त्याने तो वृंद सोडला.

मेटल आणि गेयता यांचा संबंध समजण्यासाठी विद्युत् गिटारीच्या ध्वनीचा विचार आवश्यक आहे. साध्या गिटारीची तार छेडल्यावर तिचा नाद झपाट्याने क्षीण होतो. त्यामुळे दीर्घ स्वर धरून ठेवता येत नाही. मेटल संगीतात विवर्धकातून ध्वनीचे हेतुतः विरूपण केले जाते. या क्रियेत स्वराच्या प्रारंभीचा जोर दबतो, उत्तरार्ध उंचावतो आणि स्वर दीर्घकाळ टिकतो. मात्र असा ध्वनी स्वरसंघातांना मानवत नाही; अनेक स्वर एकत्र वाजविल्यास ते एकमेकांत मिसळून गढूळ होतात. म्हणूनच मेटल वादक साथीला बहुधा षड्ज-पंचमाच्या जोडीवर भागवतो. एका वेळी एकच स्वर घेतल्यास मात्र हेच वाद्य मानवी कंठाच्या किंवा व्हायोलिनच्या जवळ जाते. सारांश, गर्जनेसाठी सिद्ध केलेल्या यंत्रणेतच गायनाची सोय होती. जेफ बेकने ब्लो बाय ब्लो (१९७५) या ध्वनिमुद्रिकेत तिचा एका दिशेने उपयोग केला. फ्रीडमनची दिशा वेगळी आहे.

ती दिशा मुख्यतः जपानी संगीताने ठरविली. हवाईमध्ये असताना ‘एन्का’ हा जपानी भावगीतांचा प्रकार त्याच्या कानी पडला. एन्काची गायिका स्वरावर थेट न उतरता खालून वर सरकत येते, क्षणभर रेंगाळते आणि कंपन उशिरा सुरू करते. ‘कोबुशी’ नावाचे, आपल्या मुरकीशी काहीसे मिळतेजुळते अलंकरण ती मध्येच गुंफते. फ्रीडमनने ही रीत तार ओढण्याच्या क्रियेत आणली. सतारीवरील मींडेप्रमाणेच येथेही तार आडवी ओढून स्वर चढविला जातो. त्याच्या वादनासंदर्भात उल्लेखिल्या जाणाऱ्या जपानी स्वरश्रेणींपैकी ‘इन-सेन’ या श्रेणीचे स्वर (सा, कोमल रे, म, प व कोमल नी) बैरागी रागाच्या स्वरांशी जुळतात. तथापि हे साम्य स्वरांपुरतेच आहे. आपल्या संगीतात षड्ज अचल असतो, तर फ्रीडमनच्या रचनांत तळचे स्वरसंघात सतत बदलतात. वर धरलेला एकच स्वर खालचा आधार बदलताच वेगळा भाव धारण करतो. कोणत्या संघातावर कोणत्या स्वराशी थांबावे, ही निवड हे त्याच्या सुरावटींचे खरे मर्म होय.

या दृष्टीने १९९२ हे वर्ष लक्षणीय ठरते. त्या वर्षी मेगाडेथची काउंटडाउन टू एक्स्टिंक्शन ही ध्वनिमुद्रिका अमेरिकन विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली, त्याच वर्षी फ्रीडमनची सीन्स (म. शी. दृश्ये) ही शांत, विलंबित वाद्यरचनांची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तिच्या निर्मितीत किटारो या जपानी रचनाकाराचा सहभाग होता. मेटल सोडून तो गेयतेकडे गेला, हे म्हणणे या एका गोष्टीनेच असिद्ध होते. दोन्ही प्रवाह एकाच वेळी वाहत होते. मेगाडेथच्या ‘टॉर्नेडो ऑफ सोल्स’ या गीतातील त्याचे एकलवादनही वेगासाठी वाखाणले जाते. पण ते स्मरणात राहते ते त्यातील गुणगुणता येणाऱ्या वाक्यांमुळे. असे असले, तरी सीन्स निर्दोष नाही. संश्लेषकाचा सतत पसरलेला थर अनेक ठिकाणी गिटारीला विरोध करीत नाही, केवळ तिला गोंजारतो. त्यामुळे काही रचना प्रसन्न, पण निराकार वाटतात. विरामाइतकाच ताणही सुरावटीला हवा असतो, याचा तेथे विसर पडलेला दिसतो.

जपानमध्ये स्थायिक झाल्यावर तो तेथील लोकप्रिय संगीताच्या व्यवसायात व दूरचित्रवाणीवर जपानी भाषेतून वावरू लागला. टोकिओ ज्यूकबॉक्स (२००९) मध्ये त्याने जपानी लोकप्रिय गीतांची वाद्यरूपे सादर केली. या मालिकेचे आणखी दोन भाग पुढे निघाले. गीताचे शब्द काढून घेतल्यावर चालीत काय उरते, ही या उपक्रमाची कसोटी होय. ‘आमागी गोए’ या १९८६ च्या एन्का गीताच्या वाद्यरूपात गिटार केवळ चाल वाजवीत नाही, गायिकेचा श्वास व रोखलेला उद्वेगही पकडते. इतर काही गीतांत मात्र मूळ गीत ठाऊक असण्यावर परिणाम अवलंबून राहतो आणि द्रुत भरणा चालीवर अलंकारासारखा लादलेला वाटतो.

ड्रामा (२०२४) या ध्वनिमुद्रिकेत त्याने सीन्समधील ‘ट्रायम्फ’ ही रचना नव्याने मांडली. बत्तीस वर्षांच्या अंतराने केलेले हे पुनर्लेखन त्याच्या विकासाचे उत्तम प्रमाण आहे. सुरावट तीच आहे. परंतु आता साथ केवळ पार्श्वभूमी न राहता सुरावटीला ढकलते, अडविते आणि मोकळे करते. या ध्वनिमुद्रिकेचा दोष उलट बाजूचा आहे: जवळजवळ प्रत्येक रचना भव्य उत्कर्षबिंदूकडे जाते आणि सलग ऐकताना उत्कर्षाचेच मोल उतरते.

द्रुत वादनात चूक वेगाखाली झाकली जाऊ शकते. विलंबित सुरावटीत एक बेसूर ओढही उघडी पडते. म्हणून फ्रीडमनच्या बाबतीत गेयता ही कौशल्यापासून घेतलेली निवृत्ती नसून त्याच कौशल्याची अधिक कठोर परीक्षा आहे. त्या परीक्षेत तो सर्वत्र सारखा उतरलेला नाही. पण मेटल गिटारीचा आवाज शब्दांवाचून शोक व आर्जव व्यक्त करू शकतो, हे त्याच्या चांगल्या रचनांनी निःसंशय दाखवून दिले आहे आणि त्यांतच त्याच्या कार्याचे महत्त्व आहे.