गॅलिलिओची बनावट प्रत : एका ग्रंथाचें परीक्षण

‘गॅलिलिओज ओ’ हा तीन खंडांचा ग्रंथ जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्या प्रत्येकानें वाचावा असा आहे. त्याचे पहिले दोन खंड इ. स. २०११ सालीं व तिसरा २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. पहिल्या दोहोंत जी प्रत अस्सल मानिली आहे, तीच बनावट असल्याचें तिसऱ्यांत बहुतांशीं त्याच मंडळींनीं दाखविलें आहे.

मूळ विषय असा. चंद्राचा पृष्ठभाग व गुरूचे चार उपग्रह दुर्बिणींतून कसे दिसले, हें सांगणारें गॅलिलिओचें ‘सिडेरिअस नन्सिअस’ हें लॅटिन पुस्तक मार्च १६१० मध्यें व्हेनिस येथें छापलें गेलें. त्यांतील चंद्राचीं चित्रें ताम्रपटावरून उठविलेलीं आहेत. २००५ सालीं न्यूयॉर्कच्या एका ग्रंथविक्रेत्याकडे या पुस्तकाची एक प्रत आली. तींत त्या जागीं हातानें रंगविलेलीं चित्रें होतीं. शिवाय मुखपृष्ठावर गॅलिलिओची सही व लिंचेई अकादमीचा संस्थापक फेदेरिको चेसी याच्या ग्रंथसंग्रहाचा शिक्का होता. बर्लिनचे कलेतिहासकार होर्स्ट ब्रेडेकांप यांच्या पुढाकारानें निरनिराळ्या शास्त्रांचे जाणकार एकत्र आले. त्यांनीं कागद, शाई व छपाई तपासली, आणि चित्रें खुद्द गॅलिलिओच्या हातचीं असा निर्णय दिला.

या खंडांचें परीक्षण लिहावयास घेतलेले निक वाइल्डिंग यांची नजर प्रथम शिक्क्यावर गेली. चेसीच्या संग्रहांतील निःसंशय पुस्तकांवरील शिक्क्यांशीं तो जुळेना. तेथून शोध पुढें गेला, व २०१२ सालीं सबंध पुस्तकच आधुनिक काळांत छायाचित्रावरून तयार केलेल्या पत्र्यांनीं छापिल्याचें उघड झालें. हें काम मारिनो मास्सिमो दे कारो यानें पुढें आपलें म्हणून कबूल केलें. नेपल्सच्या जिरोलामिनी ग्रंथालयाचा प्रमुख असतां तेथील ग्रंथ लुटल्याबद्दल २०१२ मध्यें पकडला गेलेला गृहस्थ तो हाच.

एवढ्या विद्वानांस हें कसें कळलें नाहीं? आमच्या मतें उणीव उपकरणांची नव्हती, प्रश्नाच्या क्रमाची होती. ही प्रत गॅलिलिओविषयीं काय सांगते, हें विचारण्याची घाई झाली. ती कोठून आली, हें आधीं विचारावयास हवें होतें. दहा परीक्षक एकाच गृहीतापासून निघाले, तर त्यांची साक्ष दहा जणांची ठरत नाहीं.

याच जातीचें दुसरें प्रकरण मिशिगन विद्यापीठाच्या ग्रंथालयांतील आहे. गॅलिलिओच्या हातचें मानलेलें एक पान त्या संस्थेस १९३८ सालीं मृत्युपत्रान्वयें मिळालें. पिसाचे कार्डिनल माफ्फी यांनीं तें आपल्या संग्रहांतील गॅलिलिओच्या पत्रांशीं ताडून अस्सल ठरविलें होतें. परंतु तीं पत्रें त्यांस मिलानच्या तोबिया निकोत्रा या कुप्रसिद्ध बनावटकारानेंच दिलीं होतीं! म्हणजे खोट्यास खोट्याची साक्ष. २०२२ सालीं वाइल्डिंग यांनींच कागदांतील जलचिन्हाकडे लक्ष वेधिलें. त्यांतील बेर्गामो शहर दर्शविणारीं अक्षरें १७७० पूर्वींच्या कागदावर आढळत नाहींत. गॅलिलिओ तर १६४२ सालीं वारला. ग्रंथालयानें त्याच वर्षीं ऑगस्टांत पान बनावट असल्याचें स्वतः जाहीर केलें.

तिसऱ्या खंडाचें मोल येथेंच आहे. चूक एखाद्या टीपेंत न दडवितां, ती कोणत्या परीक्षेंत व कां निसटली, याची तपासणी त्यांनीं पूर्वीच्याच ग्रंथमालेंत छापिली. मात्र पहिले खंड अनेक ग्रंथालयांत आजही स्वतंत्रपणें हातीं पडतात. त्यांवर तिसऱ्याची सूचना चिकटविणें जरूर आहे. नाहींतर बाद झालेला पुरावा पुनः उद्धृत होत राहील.

आपल्याकडे १८९८ पासून राजवाड्यांनीं बखरींपेक्षां अस्सल पत्रांस मान देण्याची शिस्त घातली. अस्सल म्हणून पुढें येणाऱ्या पत्राचीही झडती घ्यावी, हा तिचाच पुढील भाग होय. मोडी पत्र हातीं येतांच मजकुरावर लुब्ध होण्यापूर्वीं तें कोणाच्या दप्तरांतून, कोणत्या वाटेनें आलें, हें लिहून ठेवावें. शिक्का ज्या पत्राशीं ताडावयाचा, त्याचीही परीक्षा आधीं करावी. आणि एकदा छापिलेलें पत्र पुढें खोटें ठरल्यास तसें त्याच पत्रिकेंत, तितक्याच ठळकपणें छापावें. एवढें पथ्य प्रत्येक संग्राहकानें पाळावें अशी आमची विनंती आहे.