‘अरुणोदय’ आणि ‘स्मृतिचित्रे’ : ख्रिस्ती वाचकाच्या दृष्टीने

बाबा पदमनजी यांचा ‘अरुणोदय’ आणि लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४-३६) ही आत्मचरित्रे धर्मांतराची साधने म्हणून बहुधा एकत्र अभ्यासिली जातात. ही सोय अभ्यासकाची होय. रविवारच्या उपासनेला बसणारा वाचक मात्र या ग्रंथांपाशी वेगळाच प्रश्न घेऊन येतो : बाप्तिस्म्यानंतर मनुष्य मंडळीत जगतो कसा?

‘अरुणोदय’ या प्रश्नाला फारसे उत्तर देत नाही. पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ साली बेळगावात झाला; ग्रंथाचा सारा भार त्यापूर्वीच्या वर्षांवर आहे. वाचन, वादविवाद, संशय आणि निश्चय अशा पायऱ्यांनी तो चढत जातो. लेखकासमोर अद्याप बाहेर उभा असलेला वाचक आहे, आणि त्याची खात्री पटविणे हा हेतू असल्यामुळे श्रद्धेला प्रमाणाचे रूप येते. परमहंस मंडळीच्या माहितीसाठी इतिहासकार याच ग्रंथाकडे धाव घेतात. ख्रिस्ती मंडळीपेक्षा त्या गुप्त मंडळीचे अंतरंग येथे अधिक उलगडते, हे काहीसे विलक्षणच म्हणावयाचे.

‘स्मृतिचित्रां’त परिस्थिती पालटते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. मधल्या काळातील ताटातूट या ग्रंथाच्या मर्मस्थानी आहे. एकाने घेतलेल्या निर्णयाची किंमत दुसऱ्याने कशी मोजली, हे साक्षीच्या पुस्तकांत सहसा येत नाही. येथे ते बाप्तिस्मा न घेतलेल्या पत्नीच्या बाजूने येते. सोवळ्याओवळ्याची गाठही कोणाच्या प्रवचनाने सुटत नाही. ती बाईंच्या स्वतःच्या विचाराने, बाप्तिस्म्याच्या आधीच सुटते.

मराठी समीक्षेने या ग्रंथाचा विनोद व साधेपणा मनापासून वाखाणला, परंतु त्यातील श्रद्धा आनुषंगिक मानली. हा निवाडा अपुरा आहे. धर्मोपदेशकांची चरित्रे संतचरित्रांच्या साच्यात ओतण्याची रीत ख्रिस्ती वाचकाला चांगली परिचित आहे. लक्ष्मीबाईंचे टिळक तापट आहेत, विसरभोळे आहेत, हाती आलेला पैसा टिकू न देणारे आहेत. आणि तरीही त्यांच्या भक्तीविषयी वाचकाला शंका येत नाही. पतीला देव्हाऱ्यात न बसविता त्याच्या देवाचा स्वीकार करणे, ही येथील विनोदामागील दृष्टी आहे. ती धार्मिकच आहे.

मात्र मंडळी ही संस्था म्हणून येथेही अंधुकच राहते. १९१७ साली टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ उभारला. परदेशी पैसा व देशी सेवक यांच्या संबंधाचा प्रश्न यात गुंतलेला होता. लक्ष्मीबाईंच्या लेखणीला त्याची घरगुती बाजू अधिक जवळची. वैचारिक बाजूसाठी टिळकांच्या ‘ज्ञानोदया’तील लेखनाकडेच वळावे लागते.

बाईंच्या श्रद्धेचे मंडन शोधणाऱ्याने ‘ख्रिस्तायन’ वाचावे. हे महाकाव्य टिळकांच्या हातून अपुरे राहिले. १९१९ साली ते निवर्तल्यावर त्याचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. ‘स्मृतिचित्रां’वर लिहिणारे बहुतेक समीक्षक या ओव्यांकडे फिरकलेले दिसत नाहीत.