विसाचा रिकामा पाट

बॉस्टनच्या टीडी गार्डनमध्ये सामना सुरू व्हायच्या अर्धा तास आधी जाऊन बसावं. मैदानावर तेव्हा बघण्यासारखं फार नसतं, पोरं हात मोकळे करत असतात. बघायचं ते वर. छताखाली पांढरी कापडं टांगलेली आहेत, कडेला हिरवी किनार. त्यातली बहुतेक सेल्टिक्स या तिथल्या बास्केटबॉल संघाच्या विजेतेपदांची, वर्षाला एक अशी १८. ती मोजायची आणि सोडून द्यायची. वाचायची ती उरलेली. त्यांच्यावर चेहरे नाहीत, गुणांचा हिशेब नाही, नावंसुद्धा नाहीत. चौकटी आखल्यासारखे नुसते आकडे. हे संघाने निवृत्त केलेले नंबर. तो नंबर पाठीवर घालून सेल्टिक्सकडून आता कोणी खेळायचं नाही.

आपल्याला ही चाल क्रिकेटमुळे कळली. २०१७ मध्ये कोलंबोला पालघरचा शार्दूल ठाकूर पहिल्याच वनडेत १० नंबर घालून उतरला, आणि सचिनचा नंबर घेतलासच कसा म्हणून लोक त्याच्यावर तुटून पडले. पुढे तो ५४ घालायला लागला. तिथे लोकांनी आधी ठरवलं, मंडळाने मागून मान डोलावली. बास्केटबॉलमध्ये मात्र याचा रीतसर सोहळा असतो. दिवे मंदावतात, दोरी ओढली जाते, कापड हळूहळू वर चढतं आणि सहा फूट आठ इंचांचा गडी लहान मुलासारखा मान वर करून बघत राहतो.

तर बॉस्टनचे आकडे क्रमाने लावून बघा. १४, १५, १६, १७, १८, १९. कूझी, हाइनसन, सँडर्स, हॅव्हलिचेक, काउन्स, नेल्सन. मग २१, २२, २३, २४, २५ पुन्हा सलग. शर्मन, मकॉली, रॅम्झी आणि दोन जोन्स, सॅम आणि के. सी. पंगत बसली आहे आणि मधलाच एक पाट रिकामा आहे. विसाचा.

त्या पाटाकडे वळण्याआधी दोन पानांपाशी थांबू.

पहिलं पान असं की तिथे आकडाच नाही. इतक्या आकड्यांच्या गर्दीत एका चौकटीत अक्षरं आहेत: ‘लॉस्की’. जिम लॉस्कटॉफ हा धिप्पाड फॉरवर्ड. बास्केट टाकण्यासाठी त्याची ख्याती नव्हती. समोरच्या संघातल्या कोणी कूझीला कोपर मारलं, तर ते कोपर परत पोचवायचं काम याचं. १९५७ ते १९६४ या काळात तो सात विजेत्या संघांत होता. त्याचा १८ नंबर वर लावायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, नंबर राहू द्या, पुढे कोणाला तरी घालता येईल. मग नंबराऐवजी त्याचं टोपणनाव वर गेलं. १९७० मध्ये डेव्ह काउन्स आला, त्याने तोच १८ घातला, दोन विजेतेपदं मिळवली, आणि अखेर १८ चा आकडा वर चढला तो काउन्सच्या नावाने. एका नंबराची दोन माणसं, दोघंही वर, आणि पहिल्याने आपण होऊन दुसऱ्याला जागा करून दिलेली. त्या सगळ्या कापडांवर यापेक्षा सुंदर ओळ मला दिसत नाही. गुणांच्या तक्त्यावरून पात्रता ठरवणाऱ्याला लॉस्कटॉफ कधीच सापडला नसता.

दुसरं पान सहाचं. बिल रसेल, १३ मोसम, ११ विजेतेपदं. एवढ्या माणसाचा सोहळा कसा झाला असेल? १२ मार्च १९७२ ला, जुन्या बॉस्टन गार्डनमध्ये, प्रेक्षकांना दारं उघडायच्या आधी. समोर रिकाम्या खुर्च्या आणि जुने मोजके सहकारी. अट रसेलचीच होती. मी सेल्टिक्ससाठी खेळलो, बॉस्टनसाठी नाही, ही त्याची भूमिका. याच शहराच्या परिसरात त्याच्या घरात शिरून लोकांनी नासधूस केली होती, अंथरुणात घाण केली होती. सामन्याला टाळ्या आणि घरी ही वागणूक. त्यामुळे ते ६ वाचताना आकड्याइतक्याच त्या रिकाम्या खुर्च्याही वाचाव्या लागतात. २०२२ मध्ये तो गेल्यावर एनबीएने ६ नंबर साऱ्याच संघांसाठी निवृत्त केला. एनबीएत आजवर असा मान दुसऱ्या कोणालाही नाही.

हे वाचून झाल्यावर मायामीचं छत बघावं, म्हणजे चव बिघडते. तिथे २००३ मध्ये मायकल जॉर्डनचा २३ वर लावला. जॉर्डन मायामीकडून एकही सामना खेळलेला नाही! थोरवीबद्दल वाद नाही. पण ज्या पंगतीला माणूस बसलाच नाही तिथे त्याच्या नावाने पान वाढणं हा मान नाही, यजमानाची हौस आहे. त्याच छताखाली युडोनिस हॅस्लेमचा ४० आहे. ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेला हा मायामीचाच मुलगा २० मोसम त्याच संघात राहिला. तो ४० शंभर टक्के तिथलाच.

आता वीस. हा पाट रे ॲलनचा, असं बॉस्टनमधले पुष्कळ जण मानतात. २००७ मध्ये गार्नेट आणि तो आले, पिअर्स आधीपासून होताच, आणि २००८ मध्ये विजेतेपद आलं. तीन गुणांच्या बास्केट्सचा रेजी मिलरचा विक्रम ॲलनने मोडला तो फेब्रुवारी २०११ मध्ये याच गार्डनमध्ये. मग २०१२ मध्ये तो कमी पैसे घेऊन मायामीला गेला. नुकतंच ज्यांनी सेल्टिक्सना सातव्या सामन्यात घरी पाठवलं होतं, त्याच मायामीला. गार्नेटने अबोला धरला. पिअर्सचा ३४ वर गेला, गार्नेटचा ५ वर गेला, २० खालीच राहिला. मधे तीन मोसम गॉर्डन हेवर्डने घातलासुद्धा. मार्च २०२२ मध्ये स्वतःच्या सोहळ्यात गार्नेटने प्रेक्षकांत बसलेल्या ॲलनला मिठी मारली आणि आता पुढचा नंबर तुझा, असं माइकवरूनच बोलून टाकलं.

दिलजमाई झाली याचा आनंद आहे. तरी मी ॲलनचा २० बॉस्टनला लावणार नाही. कारण अबोला नव्हे. ॲलनचा नंबर मुळात ३४. मिलवॉकीत ३४, सिॲटलमध्ये ३४, मायामीत पुन्हा ३४. बॉस्टनमध्ये ३४ पिअर्सच्या पाठीवर होता म्हणून त्याने २० घेतला. पाच वर्षं भाड्याने घेतलेली खोली ती.

गंमत म्हणजे ॲलनच्या आधी, २००४-०५ च्या मोसमात, हाच २० बॉस्टनमध्ये आणखी एकाने घातला होता. गॅरी पेटनने. आणि फेब्रुवारी २००३ मध्ये सिॲटलने पेटनला मिलवॉकीला देऊन बदल्यात आणला होता तो ॲलनलाच. पेटन पाच संघांकडून खेळला, पाचही ठिकाणी २०. नंबर अंगाला कसा चिकटतो ते बघायचं तर इथे.

पेटनला ‘ग्लव्ह’ म्हणत, हातमोजा. १९९३ मध्ये फीनिक्सविरुद्ध त्याने केव्हिन जॉन्सनला असं जखडलं की पेटनचा चुलतभाऊ म्हणाला, बेसबॉलच्या मोज्यात चेंडू बसावा तसा धरलायस त्याला. गुडघे वाकलेले, छाती पुढे, एक हात चेंडूवर आणि तोंड अखंड चालू. १९९६ ची अंतिम मालिका काढून बघा. शिकागो त्या मोसमात ७२ सामने जिंकून आलेली, सिॲटल ०-३ ने मागे. पोटरी दुखत असलेल्या पेटनला प्रशिक्षक जॉर्ज कार्लने तोवर जॉर्डनपासून राखून ठेवलं होतं. चौथ्या सामन्यात सोडलं. जॉर्डनचे १९ पैकी ६ फटके लागले आणि सिॲटल १०७-८६ ने जिंकलं. पाचवाही जिंकलं. सहावा शिकागोने घेतला, पण त्यातही जॉर्डन १९ पैकी ५. २०२० च्या ‘द लास्ट डान्स’ या माहितीपटात, जॉर्डनला दमवल्याचा पेटनचा दावा टॅबलेटवर ऐकून जॉर्डन खदखदून हसतो. ते हसू मला पटत नाही. अर्थात त्या सहाव्या सामन्याच्या दिवशी फादर्स डे होता आणि जॉर्डनच्या वडिलांचा खून होऊन तीनच वर्षं झाली होती, तेव्हा सगळं श्रेय मोज्याला देता येणार नाही. पण चौथ्या सामन्याचं द्यावंच लागतं.

गुण, असिस्ट, स्टील, तिन्हींत सिॲटल सुपरसॉनिक्सच्या इतिहासात पेटन पहिला. तरी त्याचा नंबर एनबीएत कुठेही टांगलेला नाही. तो २००७ मध्ये खेळायचा थांबला आणि २००८ मध्ये संघच ओक्लाहोमा सिटीला गेला. तडजोडीत सिॲटलने संघाचं नाव आणि हिरवा-पिवळा रंग ठेवून घेतला, खेळाडू गेले. ओक्लाहोमात माझी जर्सी लावू नका, हे पेटनने स्वतःच सांगितलं आहे. बरोबर केलं. त्या छताखाली त्याचा आवाज कधी घुमलाच नाही.

आणि सिॲटलचं ते छत अजून आहे. १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं, २०२१ मध्ये खालचं सगळं खणून नवं केलं तरी जपलेलं. महिलांच्या स्टॉर्म संघाचे तिथे दोन नंबर आहेत, लॉरेन जॅक्सनचा १५ आणि स्यू बर्डचा १०. आइस हॉकीवाल्या क्राकेनने तर प्रेक्षकांसाठी ३२ वर लावला. मग पेटनसाठी एनबीएचा संघ परत यायची वाट कशाला बघायची? नाव शहराकडे आहे, रंग आहे, छत आहे. त्या छताखाली २० आत्ता लावा. संघ येईल तेव्हा येईल.

सॉनिक्सने ज्या सहा खेळाडूंचे नंबर निवृत्त केले होते, त्यांतला गस विल्यम्स जानेवारी २०२५ मध्ये वारला. पेटनचा जन्म १९६८ चा.