शस्त्रशुद्धि कीं लेखनाश? भोर-वेल्ह्याकडील जुन्या शस्त्रांची निगा

जुन्या दप्तराचा रुमाल सोडतांना कागदाचा कपटाहि उडूं नये म्हणून श्वास आवरून बसणारे संशोधक आपल्याकडे पुष्कळ आहेत. परंतु त्याच घरांतील यजमान देवघरापुढें बसून वडिलोपार्जित शस्त्र खसखसून घासूं लागले, म्हणजे तिकडे कौतुकानें पाहणारेहि बहुधा तेच असतात. या विसंगतीकडे वाचकांचें लक्ष वेधावें, एवढाच या टिपणाचा हेतु आहे.

भोर आणि वेल्हें हा मुलूख पंतसचिवांच्या संस्थानाचा. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ व सुधागड असे त्याचे तालुके होते. म्हणजे रोहिडा आणि तोरणा हे किल्लेहि दुसऱ्या नांवांनीं कारभाराच्या दप्तरांत नांदत होते. ८ मार्च १९४८ रोजीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. घरोघरचीं शस्त्रें मात्र कांहीं ठिकाणीं राहिलीं. आम्हीं या भागांत जीं पाहिलीं त्यांचे दोन थर पडतात. पहिला तलवारी, कट्यारी आणि तोड्याच्या बंदुकांचा. दुसरा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आलेल्या विलायती सहाबारी पिस्तुलांचा, म्हणजे रिव्हॉल्व्हरांचा. यांतील कांहींवर निकलचा मुलामा असतो. पहिल्या थराला इतिहास म्हणून मान मिळतो. दुसऱ्याला 'साहेबी खेळणें' म्हणून बाजूस सारतात. आमच्या मतें खरी हानि या दुसऱ्या थराचीच होत आहे.

अशा पिस्तुलावर वाचण्याजोगें काय असतें, असें कोणी विचारील. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ सालीं स्थापन झालें. तेथें नळीची परीक्षा होऊन तिजवर मुद्रा उठत असे, आणि १९०४ सालीं या मुद्रा बदलल्या. अर्थात् मुद्रा शाबूत असेल तर काळाची एक सीमा हातीं येते. सांगाड्यावरील क्रमांक, वरच्या पट्टीवरील कलकत्त्याच्या रॉडासारख्या विक्रेत्याचें नांव, हे तर चालते-बोलते दाखलेच होत. शस्त्र कोठून आलें या प्रश्नाचें महत्त्व किती, हें नाशिकच्या १९०९ सालच्या जॅक्सन-वधानंतरच्या खटल्यांवरून महाराष्ट्रास ठाऊक आहेच.

मुलामा हाहि एक पुरावा आहे. निकल चढविण्याची कृति धंद्यांत रूढ झाली ती अमेरिकेंत आयझॅक ॲडम्स यानें १८६९ सालीं पेटंट घेतल्यानंतर. तेव्हां 'सत्तावनच्या धामधुमींतलें' म्हणून दाखविलेल्या पिस्तुलावर निकल असेल, तर एक तर तें शस्त्र तितकें जुनें नाहीं, किंवा मुलामा मागाहून चढविला आहे. घराण्याची आख्यायिका तपासण्यास इतकें सोपें साधन दुसरें नाहीं. आणि तेंच आपण पुसून टाकतों.

हें दूषण आम्ही दुसऱ्यास देतों असें वाचकांनीं समजूं नये. तरुणपणीं वेल्ह्याकडील एका घरीं खंडेनवमीच्या आदल्या दिवशीं तोड्याच्या एका बंदुकीची नळी आम्हींच चिंच आणि विटकरीची भुकटी घेऊन घासली. नळीच्या बुडाशीं कांहीं अक्षरें दिसत होतीं. आरंभींचें 'श्री' लागलें. पुढचीं स्वच्छ झाल्यावर उतरून घेऊं, असें म्हटलें. नळी स्वच्छ झाली. अक्षरें उरलीं नाहींत. यजमानांनीं आमचे आभार मानले! संस्कृतांत 'लिख्' या एकाच धातूला ओरखडणें आणि लिहिणें असे दोन्ही अर्थ आहेत; सुश्रुताच्या शस्त्रकर्मांतील 'लेखन' म्हणजे खरवडणेंच होय. कारागिरानें ज्या लेखनानें अक्षर उठविलें, त्याच लेखनानें आम्हीं तें नाहींसें केलें. तें नांव कोणाचें होतें, हें आतां कोणासहि सांगतां येणार नाहीं.

निकलच्या पिस्तुलांवर हाच प्रयोग पितळ चकाकविण्याच्या औषधांनीं होतो. निकलचा थर अत्यंत पातळ असतो. घासण्यानें तो प्रथम कडांवर आणि अक्षरांवर उडतो. शिवाय कित्येक ठिकाणीं निकलखालीं तांब्याचा थर दिलेला असतो. औषधांत अमोनिया असल्यास तो फटींतून शिरून तांबें खातो आणि वरचा मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो. मग यजमान पुन्हा मुलामा चढविण्यास देतात. त्यापूर्वीं कारागीर जुना थर काढून धातु घोटून घेतो. त्यामुळें मुद्रा आणि क्रमांक बोथट होतात, व जुनें शस्त्र नवें दिसूं लागतें. यास जीर्णोद्धार म्हणावें कीं काय, हें वाचकांनींच ठरवावें.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, शस्त्र तेजस्वीच शोभतें, आणि पूजेस मळकें कसें ठेवावें? पूजेस आमचा विरोध नाहीं. परंतु ओलें गंध, हळदकुंकू आणि पाण्याचे शिंतोडे तसेच राहूं देणें हा शस्त्राचा सन्मान नव्हे. कोरडें फूल व अक्षता वाहाव्या आणि नंतर शस्त्र पुसून ठेवावें. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मावळच्या पावसांत गंज न काढला तर शस्त्रच उरणार नाहीं. हें खरें, पण गंज सारखा नसतो. हातास लागणारा तांबडा, भुसभुशीत गंज वाढता असतो, तो थांबविलाच पाहिजे. पृष्ठभागाशीं एकरूप झालेली काळसर-तपकिरी कांति ही मळ नव्हे. ती वयाची खूण आहे, तिला हात लावूं नये.

मग करावें काय? प्रथम, जुनें हत्यार भरलेलें आहे असेंच समजावें. तोंडानें भरावयाच्या बंदुका पिढ्यान् पिढ्या भरलेल्या राहिल्याचीं उदाहरणें आहेत. तपासणी परवानाधारक जाणकाराकडूनच करवावी. घाम लागूं नये म्हणून सुती हातमोजे घालावे. पुसण्यापूर्वीं प्रत्येक अक्षराचें छायाचित्र व नक्कल घ्यावी. नंतर मऊ सुती कापडावर शिवणयंत्राचें पातळ तेल घेऊन हलकेंच पुसावें. खोबरेल किंवा जवसाचें तेल नको. पहिलें खंवटतें, दुसरें वाळून चिकट पापुद्रा धरतें. मुलामा सुटला असेल तेथें तेलाचा थेंब सोडून थांबावें, नखानें उकरूं नये. चामड्याच्या म्यानांत शस्त्र कायमचें ठेवूं नये. चामड्यांतील आम्ल व ओल निकलखालीं गंज उत्पन्न करतात.

कायद्याचाहि विसर नसावा. १९५९ च्या शस्त्र कायद्यांतील ४५ वें कलम जुन्या हत्यारास सूट देतें, पण तें दुरुस्त करूनहि चालविण्याजोगें नसेल तरच. निव्वळ 'आजोबांचें आहे' एवढ्यानें परवाना टळत नाहीं.

येत्या खंडेनवमीस भोर-वेल्ह्याकडील ज्या घरीं शस्त्रें बाहेर निघतील, तेथें चिंचेऐवजीं एक कागद आणि शिसपेन्सिल घेऊन बसावें, एवढीच आमची विनंति. आमच्या हातून जें गेलें तें परत येणार नाहीं. पण अजून जें अंधुक उरलें आहे, तें लख्ख होण्यापूर्वीं वाचलें जावें.