कोफ्तगिरी व तहनिशान : शस्त्रांवरील सोन्याची साक्ष

जुन्या शस्त्रांच्या याद्यांत ‘मुठीवर सोनेरी काम’ एवढाच शेरा पुष्कळदां आढळतो. संशोधनाच्या कामीं तो अपुरा आहे. कारण त्यांत दोन भिन्न क्रिया एकवटतात. तहनिशानांत पोलादांत चर कोरून सोन्याची तार ठोकून बसवितात. कोफ्तगिरींत पृष्ठभाग आडव्यातिडव्या बारीक रेघांनीं खरबरीत करून त्यावर तार वा वर्ख दाबतात व घोटतात. पहिलें सोनें लोखंडाच्या पोटांत असतें, दुसरें केवळ पाठीवर.

एगर्टननें लंडनच्या इंडिया म्यूझियममधील शस्त्रांची सचित्र यादी १८८० सालीं प्रसिद्ध केली. ती आजहि उपयुक्त आहे. परंतु तिची वर्गवारी मुख्यतः प्रदेश व लोकसमूह यांवर बेतलेली असल्यामुळें शस्त्र कोठचें हें समजलें, तरी त्यावरील सोनें केव्हांचें याचा निर्णय होत नाहीं. फिरंगीचें पातें युरोपांतील, मूठ इकडील. मग वरील अक्षरें तिसऱ्याच काळांतील कां नसावीं? कोफ्तगिरीचीं अक्षरें मागाहूनहि चढवितां येतात. यास्तव केवळ अशा नांवावरून तलवार अमुक पुरुषाची असा निकाल देणें आम्हांस मान्य नाहीं.

या बाबतींत जपानचें उदाहरण बोधप्रद आहे. तेथील तलवारीच्या मुठीपुढें ‘त्सुबा’ नामक चकती असते. लोखंडी त्सुबांवर याच दोन क्रिया आढळतात. पैकीं रेघांवरील कामास ‘नुनोमे’, म्हणजे कापडाची वीण, असें नांव आहे. पुष्कळ कारागीर आपलें नांव लोखंडांतच कोरीत. तथापि खोटीं नांवेंहि कोरलीं गेलीं. म्हणून तेथील जाणते नांवावर न विसंबतां लोखंडाचा रंग, पोत व छिन्नीचें काम पाहतात. जुन्या लोखंडावर चढलेला काळसर रंग घासून काढणें तेथें दोष मानतात.

आमच्याकडे खंडेनवमीस शस्त्रें उजळून पूजण्याची चाल आहे. विटकरीच्या पुडीनें घासल्यास कोफ्तगिरीचें सोनें तर जातेंच, पण खालच्या रेघाहि पुसतात. पोथीचीं अक्षरें खरवडून कागद शुभ्र करण्यासारखेंच हें! जव्हारच्या जुन्या संस्थानी मुलुखांत, जामसरसारख्या गांवींहि, कोणाच्या घरीं असें शस्त्र असल्यास त्याची पूजा अवश्य व्हावी. मात्र त्यास पूड लावूं नये. झिजलेल्या जागा भिंगाखालीं पाहून जाळी दिसते कीं चर, हें टिपावें. सोनें गंजाच्या खळग्यांत उतरलें असल्यास तें गंजानंतरचें होय. एवढी नोंद झाल्यावांचून कोणत्याहि ऐतिहासिक नांवाची चर्चा आरंभूं नये, असें आमचें मत आहे.